पेनाच्या टोपणातली चिठ्ठी

"मॅडम, वर्गातली सगळीच पोरं कॉपी करतात. आमचा तेवढा सापडला." जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडून आलेले वडील बसता बसताच म्हणाले. नववीतला मुलगा शेजारी मान खाली घालून. सगळेच करतात, मग त्यात एवढं काय, हा प्रश्न दर परीक्षेनंतर समुपदेशक म्हणून माझ्याकडे येतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

2024 ची सहामाही, गणिताचा पेपर. पेनाच्या टोपणात गुंडाळलेली चिठ्ठी सरांनी पकडली आणि वडिलांच्या हाती दिली. ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. खताच्या पावतीची पट्टी, दोन बोटं रुंद. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत अकरा सूत्रं, एकही चुकलेलं नाही. हे लिहायला तासभर तरी गेला असणार. पोरगा आळशी नाही, हे तिथेच कळलं.

वडिलांना थोडा वेळ बाहेर बसवलं. त्यातलंच एक सूत्र वापरून उदाहरण सोडव म्हटलं, तर सूत्र मांडून तो थांबला. मग साधा भागाकार दिला. 432 ला 4 ने भाग. उत्तर आलं 18. मधलं शून्यच गळालं होतं. तीनदा दिला, तीनदा 18.

तो पाचवीत होता ते वर्ष 2020-21. कोरोनामुळे शाळा बंद. घरात फोन एकच, तोही वडिलांबरोबर शेतात. वर्षाअखेरीस पहिली ते आठवीची सगळी मुलं परीक्षा न देताच वर गेली. पुढे दरवर्षी कापूस वेचणीला शाळा बुडायची.

"सरांना विचारलं का नाहीस?"

"पोरं हसतील ना. नववीत भागाकार येत नाही म्हणून."

अशी किती मुलं पाहिली! येत नाही हे सांगण्यापेक्षा त्यांना चोरी सोपी वाटते. तरीही कॉपी चालेल असं मी म्हणणार नाही, त्यालाही तेच सांगितलं. शेजारच्या बाकावर मेहनत करून बसलेल्या मुलीवर तो अन्याय आहे. आणि चिठ्ठी सापडली नसती, तर त्याचं गळालेलं शून्य सरांना दहावीपर्यंत दिसलं नसतं.

वडिलांना आत बोलावलं. त्यांची भीती वेगळीच होती. "पोऱ्या दहावीत नापास व्हयना ते?" मग जरा थांबून म्हणाले, थोरल्याच्या दहावीला मीच केंद्राच्या भिंतीवर चढून चिठ्ठी दिली होती. धाकटा तेव्हा सोबत होता. हे ते मुलासमोर बोलले, याचं मला फार मोल वाटलं. बोर्डाच्या परीक्षेतला गैरप्रकार 1982 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि पुरवणाराही त्यात येतो, हे मी स्पष्ट सांगितलं. नापास झालाच तर पुरवणी परीक्षा असते, हेही सांगितलं.

ठरलं एवढंच: वेचणीसाठी शाळा बुडवायची नाही आणि चौथी-पाचवीचं गणिताचं पुस्तक घरी आणायचं. मुलाच्या परवानगीने मी सरांशी बोलले. शाळा सुटल्यावर वीस मिनिटं, एकट्याला, असं सरांनी कबूल केलं.

जानेवारीत दोघं परत आले. मुलाने वही उघडून पुढे केली. 612 भागिले 6, उत्तर 102. मधल्या शून्याभोवती सरांनी लाल गोल काढला होता.