आधी बिघडलेल्या भागाचं नाव विचारा

प्रश्न : काका, आमची घर गरम करणारी गॅसवरची फर्नेस १७ वर्षांची आहे. गेल्या आठवड्यापासून ती सुरू होते, आत जाळ पेटल्याचा ‘भप्प’ असा आवाज येतो आणि चार-पाच सेकंदांत विझते. असं तीन-चारदा झालं की मग तासभर गप्पच. मेकॅनिक आला, झाकण काढून पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, ‘‘१७ वर्षं झाली हिला. आता हिच्यात पैसे घालू नका, नवीन बसवून घ्या.’’ घरात तान्हं बाळ आहे आणि सासूबाईंना गारठा सोसत नाही. होकार कळवून टाकू का?

उत्तर : ताई, आज होकार कळवू नका. त्याला फोन करा आणि एवढंच विचारा, ‘‘बिघडलेल्या भागाचं नाव काय?’’ ‘जुनी झाली’ हे काही बिघाडाचं नाव नाही. मी २८ वर्षं फर्नेस दुरुस्त करत आलोय. ज्याला बिघाड सापडलेला असतो तो भागाचं नाव सांगतो, तो काढून हातात देतो आणि कसा तपासला तेही सांगतो.

पेटते आणि लगेच विझते, असं कुणी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा फ्लेम सेन्सर येतो. ही पेन्सिलीहून बारीक अशी धातूची सळी असते, चिनी मातीच्या बुडख्यात बसवलेली, बर्नरजवळ एका स्क्रूने अडकवलेली. तिचं टोक सतत ज्वाळेत असतं. ज्वाळेतून वीज वाहू शकते, आणि तीही मुख्यतः एकाच दिशेने. कंट्रोल बोर्ड, म्हणजे फर्नेस चालवणारी सर्किटची पाटी, हाच करंट मोजत राहतो. तो असतो अगदी नगण्य, साधारण २ ते ६ मायक्रोअँपिअर. एका अँपिअरचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन ते सहा. सळीवर वर्षानुवर्षं पांढुरका थर चढत गेला की हा करंट आणखी घटतो. बोर्डाला वाटतं, जाळ पेटलाच नाही. न जळलेला गॅस साठू नये म्हणून तो गॅसचा व्हॉल्व्ह बंद करतो, पुन्हा प्रयत्न करतो, आणि तीन-चारदा फसलं की बरेचसे बोर्ड तासभर थांबतात. तुम्ही लिहिलेला तासभराचा अबोला तोच असावा.

उपाय साधा आहे. वीज आणि गॅस बंद करायचा, सळी काढायची, बारीक स्टील वूलने चकचकीत पुसायची आणि परत लावायची. खरखरीत सँडपेपर वापरू नये. ओरखडे पडले की त्यांत थर पुन्हा लवकर धरतो. सवयीच्या हाताला १५ मिनिटं लागतात. ज्याला सवय नाही त्याने मात्र गॅसच्या यंत्रात हात घालू नये, हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या. पुसल्यावर महिन्याभरात तेच सुरू झालं तर सळीच बदलायची. नवीन सळीनेही भागलं नाही तर अर्थिंगची तार, गंजलेले बर्नर आणि शेवटी बोर्ड, या क्रमाने शोध घ्यायचा. शेवटी बोर्ड म्हणतोय, कारण तो महाग असतो आणि पुष्कळदा उगाच बदलला जातो.

फर्नेसमधले बहुतेक भाग असेच काढता-घालता येतात : जाळ पेटवणारा इग्नायटर, धूर बाहेर ओढणारा इंड्युसर, तो नीट ओढतोय का ते बघणारा प्रेशर स्विच, घरात हवा ढकलणाऱ्या ब्लोअरची मोटर. हे संपतात, बदलतात, यंत्र पुढे चालतं. एकच भाग असा आहे की तो गेला तर यंत्रच गेल्यात जमा, आणि तो म्हणजे हीट एक्स्चेंजर. त्याच्या आत जाळ असतो आणि बाहेरून घरातली हवा तापत जाते. मेकॅनिक परत येईल तेव्हा त्याला म्हणा, ‘‘सळी पुसताय तर हीट एक्स्चेंजरही बघा आणि काय दिसलं ते कागदावर लिहून द्या.’’ तो धड असेल तर १७ हे वय काही मोडीत काढण्याचं नाही. गॅसवरच्या फर्नेस साधारण १५ ते २० वर्षं चालतात, आणि निगा राखली तर त्यापुढेही.

मात्र एक हिशेब मनाशी ठरवून ठेवा. १० वर्षांच्या आतली फर्नेस मी डोळे झाकून दुरुस्त करतो. १५ वर्षांच्या पुढे, दुरुस्तीचा खर्च नवीनच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेला की मी घरच्यांना बसवून नवीनचा विषय काढतो. बरेच जण अर्ध्याचा नियम सांगतात. मला तो जुन्या यंत्रासाठी सैल वाटतो, कारण एका मोठ्या दुरुस्तीमागून दुसरी येते. तुमची सळी या हिशेबात कुठेच बसत नाही. बाळाला ऊब मिळू द्या, नवीनचा विचार निवांतपणे करा.

प्रश्न : आमची फर्नेस १३ वर्षांची. वार्षिक तपासणीला आलेल्या माणसाने हीट एक्स्चेंजरला चीर आहे असं सांगून गॅस बंद केला आणि वर लाल चिठ्ठी अडकवून गेला. कालपर्यंत घर छान गरम होत होतं, कसला वासही नव्हता. हे म्हणतात की घाबरवून नवीन विकायचा डाव आहे, आपणच गॅस सुरू करू. काय करावं?

उत्तर : वहिनी, दादांना सांगा, गॅस सुरू करायचा नाही. शंका घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, पण ती यंत्र बंद ठेवून घ्या.

चिरेतून येऊ शकतो तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस श्वास घेत असतो आणि अंगाला ऑक्सिजन पोचत नसतो. ‘वास आला नाही’ हा दिलासा इथे कामाचा नाही. प्रत्येक चिरेतून तो घरात येतोच असं नाही, हेही खरं. पण तापून फुगणं आणि निवून आकसणं रोज चालू असतं आणि चीर वाढत जाते.

मला एक घर विसरता येत नाही. ब्लोअरची मोटर बदलायला बोलावलं होतं. घरातल्या आजी सोफ्यावर डोक्याला घट्ट रुमाल बांधून बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘‘रोज सकाळी डोकं ठणकतं बघ, उठवत नाही. दुपारी बाहेर जाऊन आले की उतरतं.’’ मी मोटरचं काम ठेवलं बाजूला. बर्नर पेटवून समोर गुडघ्यावर बसलो. ज्वाळा निळी, सरळ, शांत. मग ब्लोअर सुरू झाला, आणि तिसऱ्या बर्नरची ज्वाळा एकदम डावीकडे कलली आणि पिवळी होऊन फडफडायला लागली. घरात फिरणाऱ्या हवेचा झोत जिथे पोचायलाच नको तिथे पोचत होता. आत कॅमेरा घातला तर वळणावर बोटभर लांबीची चीर. फर्नेस अवघी ११ वर्षांची! फिल्टर बाहेर काढला तर त्यावर घोंगडीसारखा धुळीचा थर, दोन वर्षांत कुणी हात लावला नव्हता. फिल्टर तुंबला की हवा कमी वाहते, धातू नको तितका तापतो, आणि तापून तापून वळणावर फाटतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात होता, पण ड्रॉवरमध्ये, बॅटरी काढून ठेवलेला. ‘सारखा टिकटिक करायचा’ म्हणून. मी खिडक्या उघडल्या, आजींना आधी बाहेर नेऊन बसवलं आणि डॉक्टरांकडे पाठवलं. आठवड्याने त्यांचा फोन आला, सकाळची डोकेदुखी गेली होती. लाल चिठ्ठी मीही लावतो, त्यामागे ही आजी असते.

आता तुमच्या शंकेकडे येऊ. त्या माणसाकडे चिरेचा फोटो मागा. आजकाल दुर्बिणीसारखा बारीक कॅमेरा आत घालून फोटो काढता येतो. गंजाचा ओघळ दाखवला तर ती चीर नव्हे. ब्लोअर चालू झाल्यावर ज्वाळा हलली का, धुरातला कार्बन मोनॉक्साइड यंत्राने मोजला का, हे विचारा. फोटो मिळाला नाही तर दुसऱ्या मेकॅनिकला बोलवा, पण पहिल्याने काय सांगितलं ते त्याला आधी सांगू नका. तोवर विजेच्या हीटरवर दिवस काढा. त्याचा प्लग थेट भिंतीत लावायचा, एक्स्टेंशनवर चालवायचा नाही.

चीर खरी निघाली तर पैसे मोजण्याआधी फर्नेसच्या आतल्या बाजूची पट्टी शोधा, तिथे मॉडेल आणि सिरीयल नंबर असतो. हीट एक्स्चेंजरची वॉरंटी बाकीच्या भागांपेक्षा लांब असते. पुष्कळ कंपन्या २० वर्षांची किंवा आयुष्यभराची देतात, कधी खरेदीनंतर नोंदणी केली असेल तरच. भाग फुकट मिळाला तरी मजुरी बहुधा आपल्या माथी येते, आणि ती जबर असते, कारण तो बदलायला अख्खी फर्नेस मोकळी करावी लागते. म्हणून मजुरीचा आकडा आणि नवीन फर्नेसचा आकडा शेजारी शेजारी मांडा. १३ व्या वर्षी मजुरी नवीनच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत असेल तर मी भाग बदलेन, नाहीतर नवीन घेईन. दोन्हीत चीर का पडली ते मात्र शोधायला लावा. तुंबलेला फिल्टर, हवा खोल्यांत नेणारे अरुंद डक्ट, घराला झेपेल त्याहून मोठी फर्नेस, यांपैकी काही असेल तर नवीनचंही तेच होईल.

आणि आजच्या आज कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बघा. प्रत्येक मजल्यावर एक हवा, झोपायच्या खोल्यांजवळ तर हवाच. मागे तारीख छापलेली असते. त्यातला सेन्सर मॉडेलनुसार ५ ते १० वर्षांत निकामी होतो, मग नवीन बॅटरी घालूनही उपयोग नाही. तो वाजला तर सगळ्यांनी आधी बाहेर पडायचं, फोन बाहेरून करायचा.

प्रश्न : आमची फर्नेस २४ वर्षांची, एकदाही अडली नाही. मुलगा म्हणतो, ही ८० टक्क्यांची आहे, ९६ टक्क्यांची घ्या, गॅसचा खर्च निम्मा होईल. चालू यंत्र काढणं माझ्या जिवावर येतं.

उत्तर : निम्मा होणार नाही. आज तुम्ही १०० भाग गॅस जाळता तेव्हा ८० भाग उष्णता घरात येते. तेवढीच उष्णता ९६ टक्क्यांच्या यंत्राला ८३ भाग गॅसमध्ये मिळते. म्हणजे बचत १०० मागे साधारण १७. तुमच्या वर्षाच्या गॅसबिलातला गरम करण्याचा खर्च काढा, त्याचे १७ टक्के करा, आणि नवीन फर्नेसचा एकूण खर्च त्या रकमेने भागा. वसुलीला किती वर्षं लागतील ते समोर येईल. कायम जळत्या पायलटची (पेटवणीच्या छोट्या ज्वाळेची), ६५ टक्क्यांची फर्नेस असती तर बचत एकतृतीयांशाच्या घरात गेली असती आणि मी मुलाच्या बाजूने उभा राहिलो असतो.

तरीही २४ व्या वर्षी तिला विश्वासाने आणखी दहा हिवाळे मागू नका. दरवर्षी तपासणी करा, आणि नवीनची चौकशी थंडी संपल्यावर करा. ऐन गारठ्यात, फर्नेस मेलेल्या रात्री माणूस जे समोर येईल ते घेतो, आणि चूक तिथे होते.

चौकशीत दोन गोष्टी पाहा. जुनी फर्नेस आणि पाणी तापवायचा गॅसचा हीटर एकाच धुराड्यात सोडलेले आहेत का? ९६ टक्क्यांची फर्नेस धूर इतका थंड करते की त्यातल्या वाफेचं पाणी होतं. हा धूर प्लॅस्टिकच्या वेगळ्या पाइपातून बाहेर पडतो आणि ते आम्लधर्मी पाणी निचऱ्याला न्यावं लागतं. मग धुराडं एकट्या हीटरला फार मोठं पडतं, धूर वर चढत नाही, पाणी सुटतं, कधी धूर घरातही फिरतो. धुराड्याच्या आत योग्य मापाचा पाइप घालणं किंवा हीटरही बदलणं, यांपैकी एक करावंच लागतं. हा खर्च आधीच अंदाजपत्रकात मागून घ्या.

दुसरी गोष्ट मापाची. जुन्या पट्टीवरचा आकडा बघून तेवढीच मोठी देणारा माणूस मला पसंत नाही. २४ वर्षांत तुम्ही खिडक्या बदलल्या असतील, माळ्यावर इन्सुलेशन घातलं असेल, घराची गरज घटली असेल. गरजेहून मोठी फर्नेस दर थोड्या मिनिटांनी सुरू-बंद होते, खोल्या सारख्या तापत नाहीत आणि हीट एक्स्चेंजर लवकर थकतो. खोलीखोलीचा हिशेब करून माप काढायला सांगा. त्याच वेळी हीट पंपाचंही अंदाजपत्रक घ्या. बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणत असल्याने तो खाल्लेल्या विजेच्या दोन-तीन पट उष्णता देऊ शकतो. वीज आणि गॅस यांच्या तुमच्याकडच्या दरांवर काय परवडतं ते ठरेल.

प्रश्न : हिवाळ्यात पहिल्यांदा फर्नेस लावली की जळल्याचा वास येतो. बिघाड आहे का?

उत्तर : उन्हाळाभर बसलेली धूळ जळते त्याचा तो वास असतो. नवा फिल्टर घाला, खिडकी किलकिली ठेवा, तासा-दोन तासांत जातो. दुसऱ्या दिवशीही राहिला, किंवा वायर जळल्यासारखा उग्र असेल, तर थर्मोस्टॅट बंद करून मेकॅनिक बोलवा. वास गॅसचा असेल तर कुठल्याही बटणाला हात न लावता घराबाहेर पडा आणि गॅस कंपनीला बाहेरून फोन करा.