पेटीतले जुने पाने: कोणता कशाला बसतो आणि कोणता बाजूला ठेवायचा

तुमचा प्रश्न असा आहे: गावाकडच्या पेटीत जुने पाने निघाले. काहींवर '१/४ डब्ल्यू – ५/१६ बीएस', काहींवर '९/१६ एएफ' आणि काहींवर नुसतंच '१४-१५'. घरी मॅसी फर्ग्युसन ३५ आणि १९७४ची बुलेट आहे. यातले वापरायचे कोणते, जपायचे कोणते आणि गंज कसा काढायचा?

गंजाचं नंतर बघू. आधी पान्यांचे तीन ढीग करा: एएफ, व्हिटवर्थ आणि मेट्रिक (मिमीचे), कारण तीन घराण्यांचे पाने एका पेटीत मिसळले की बोल्टांची डोकी गोल होतात.

ज्यावर एएफ (अक्रॉस फ्लॅट्स, म्हणजे बोल्टच्या डोक्याच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर) आहे किंवा अपूर्णांकापुढे काहीच अक्षर नाही, त्यावरचा आकडा बहुधा जबड्याचं माप असतो. ९/१६ म्हणजे जबडा १४.२९ मिमी. डब्ल्यू (व्हिटवर्थ) किंवा बीएस (बीएसएफ) असेल तर तो आकडा जबड्याचा नसून बोल्टच्या दांड्याचा आहे. जोसेफ व्हिटवर्थ या ब्रिटिश अभियंत्याने १८४१मध्ये आट्यांचं प्रमाण ठरवलं, त्यानंतरच्या ब्रिटिश पान्यांवर ही पद्धत रुळली. बीएसएफ म्हणजे ब्रिटिश पद्धतीचे बारीक आटे. त्याच जाडीच्या बोल्टला त्याचं डोकं एक नंबर लहान असतं, म्हणून एकाच जबड्यावर १/४ डब्ल्यू आणि ५/१६ बीएस अशी दोन नावं दिसतात. दोन्हीचा जबडा ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिमी.

मिस्त्री सुतात बोलतात तिथे गोंधळ आणखी वाढतो. आठ सूत म्हणजे इंच, हे ठीक. पण 'चार सुताचा पाना दे' म्हटल्यावर एएफमध्ये जबडा १२.७ मिमी निघतो आणि व्हिटवर्थमध्ये २३.४! त्यामुळे पाना मागताना आधी घराणं सांगा, मग सूत.

व्हर्निअरने मोजून प्रत्येक पान्याला मिमीतलं माप दोऱ्याने बांधून ठेवा. व्हिटवर्थची मापं अशी: ३/१६ला ११.३, १/४ला १३.३, ५/१६ला १५.२, ३/८ला १८.०, ७/१६ला २०.८ आणि १/२ला २३.४. यातल्या ३/८वर १८चा मेट्रिक पाना आणि ७/१६वर २१चा चालून जातो. १/४वर मात्र १३चा शिरत नाही आणि १४चा पाऊण मिमीच्या आसपास ढिला बसतो. जुन्या बुलेटचे निम्मे नट या १४च्या पान्यानेच गोल झालेले असतात. एएफमध्ये ३/४वर १९ आणि ५/८वर १६ बिनधास्त वापरा. १/२वर १३चा हलक्या कामाला ठीक आहे, पण हेडचे किंवा गिअरबॉक्सचे बोल्ट त्याने सोडवू नका.

तुमच्या मॅसीचं बहुतेक काम एएफवर निघेल: १/२, ९/१६, ३/४. बुलेटला व्हिटवर्थचा ढीग. नुसते १४-१५वाले मेट्रिक, ते फियाट-पद्मिनी, एचएमटी-झेटर वगैरेंचे. विलीज जीप आली तर पुन्हा एएफ.

आट्यांचंही ध्यानात ठेवा. अर्ध्या इंचाच्या बोल्टला बीएसडब्ल्यूचे (व्हिटवर्थचे जाड आटे) इंचाला १२ आटे, यूएनसीचे (एएफ बोल्टांवरचे जाड आटे) १३. हे एकमेकांत जात नाहीत, त्यामुळे निदान लगेच कळतं. ३/८ला दोन्हीचे १६च आहेत. तिथे नट आरामात फिरतो, पण एकाचा कोन ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०. मग ताण आला की आटे घसटतात. थ्रेड गेज (आटे मोजायच्या दातेरी पट्ट्या) घेतल्याशिवाय बदली बोल्ट बसवू नका.

आता कोणता पाना कामाचा, ते बघा. फिक्स पान्याचा जबडा टोकाशी मोजा, मग मुळाशी. टोकाशी ०.२ मिमी जास्त भरला तर जबडा फाकलाय; तो जोराच्या कामाला नको. शिकंजात दाबून पुन्हा जवळ आणण्याच्या फंदात पडू नका, आतून तडा जातो. रिंग पाना आणि गोटी पाना रॉकेलमध्ये अर्धा तास बुडवा, कोरडे पुसा आणि खडू फासा. तडा असेल तर तिथे खडूवर ओली रेघ उमटते. निळसर-जांभळा डाग म्हणजे कुणीतरी गॅसवर तापवलाय. त्या जागचा कडकपणा गेलेला असतो. दांड्यावर हातोडीचे घाव किंवा पाइप घालून वाकवल्याची खूण असेल तर शोभेच्या फळीवर ठेवा. काटा फिरणारा जुना टॉर्क पाना (बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा) मात्र फेकू नका. काटा मोकळा असताना शून्यावर येत असेल, तर तो अजून खरं सांगतो. पौंड-फुटाला १.३५६ने गुणा, न्यूटन-मीटर मिळतील.

गंजासाठी सगळ्यात कमी नुकसान करणारी पद्धत म्हणजे वीज. प्लास्टिकची बादली, पाच लिटर पाणी, एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरचा काळा चिमटा पान्याला, लाल चिमटा भंगारातल्या साध्या लोखंडी पट्टीला. उलटं लावलं तर पानाच खाऊन जाईल. पट्टी स्टेनलेसची अजिबात नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बारा व्होल्टचा साधा चार्जर चालतो. नवे ऑटोमॅटिक चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय सुरूच होत नाहीत. पाना पट्टीला टेकू देऊ नका आणि ज्या बाजूला पट्टी त्याच बाजूचा गंज आधी सुटतो, म्हणून मधूनमधून फिरवा. आठ-दहा तास पुरतात. हायड्रोजन निघतो, तेव्हा बादली अंगणात ठेवा आणि चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करा. काढल्यावर काळा थर तारेच्या ब्रशने निघतो. लगेच कोरडं करून तेल लावा, नाहीतर पाच मिनिटांत पुन्हा तांबूस होतो. क्रोम उडालेल्या पान्याचं उरलेलं क्रोमही या पद्धतीने सुटू शकतं. रॅचेट उघडूनच साफ करा, आख्खं बुडवू नका.

व्हिनेगर स्वस्त पडतं, पण रात्रभर विसरलात तर कोरलेली अक्षरं पुसट होतात. आणि अक्षरांतच तर जपण्यासारखं सगळं असतं! किंग डिक या ब्रिटिश कंपनीचा बुलडॉग, इंचाच्या खुणा असलेला फर्ग्युसनचा पाना, नाशिकच्या तापडियाचे सुरुवातीचे नग: ही ओळख गेली की उरतं नुसतं लोखंड. म्हणून ग्राइंडर, बफ आणि नव्याने क्रोम करणं टाळा. युद्धकाळातल्या अमेरिकन पान्यांवर क्रोमच्या टंचाईमुळे कॅडमियम चढवलेलं असे. मळकट पिवळट चकाकी दिसली की घासू किंवा तापवू नका, धूळ विषारी असते. ओल्या फडक्याने पुसून तेल लावा.

पावसाळ्यात पेटी भिंतीला टेकवून ठेवू नका. चामड्याच्या पिशवीत किंवा पुठ्ठ्यात गुंडाळलेले पाने ओल धरतात. तेलकट सुती फडकं आणि तळाशी सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. पुड्या महिन्याने उन्हात नव्हे, तव्यावर मंद आचेवर सुकवा. हातोडीच्या लाकडी मुठीला जवसाचं तेल द्या, पण डोक्याच्या ठोकायच्या बाजूला तेलाचा थेंबही राहू देऊ नका.