शेततळ्यातला प्राणवायू पहाटे मोजा : ऑप्टिकल सेन्सरविषयीच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (इंदापूर तालुका) : प्लास्टिक कागदाच्या शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडले आहेत. नवीन ऑप्टिकल प्राणवायू मीटर घेतला. दुपारी तीनला तो ११ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) दाखवत होता. नंतर दोन दिवस आभाळ होतं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मोठे कटले मरून तरंगले. लहान मासे वाचले. मीटर खराब आहे का?

वर्षभर जपलेला मासा असा एका रात्रीत गेला, याचं फार वाईट वाटलं. पण मीटर खराब नसावा, उलट त्या ११ च्या आकड्यातच धोक्याची खूण होती.

३० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त साडेसात पीपीएम प्राणवायू मावतो. आपला भाग समुद्रसपाटीपासून उंच, म्हणून इथे सातच्या आसपास धरा. मग ११ कुठून आले? पाणी हिरवं करणाऱ्या शेवाळाने ते उन्हात तयार केले. सूर्य मावळला की हेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ सगळे मिळून रात्रभर तो प्राणवायू खातात. दुपारचा आकडा जितका चढा, तितकी पहाटेची घसरण मोठी. त्यात आभाळ आलं की दिवसा भरणा कमी होतो, रात्रीचा खर्च मात्र तेवढाच राहतो. मोठे मासे आधी आणि लहान मागाहून मेले, तर बहुतेक वेळा कारण प्राणवायूची कमतरता हेच असतं.

म्हणून दुपारच्या आकड्यावर विसंबू नका. रात्री ८ ला मोजा, ११ ला पुन्हा मोजा. समजा ८ ला ८ पीपीएम होते आणि ११ ला ६.२ राहिले. तीन तासांत १.८ गेले, म्हणजे तासाला ०.६. सकाळी ६ पर्यंत आणखी सात तासांत ४.२ जातील आणि हातात फक्त २ उरतील. पहाटे ३ च्या खाली जाईल असा हिशोब निघाला, तर मासे तोंड वर काढेपर्यंत थांबू नका, मध्यरात्रीच एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावा. एरेटर नसेल तर पंपाने तळ्यातलंच पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखं पाडा. बोअरचं पाणी थेट सोडलं तर फारसा उपयोग नाही, कारण त्यात मुळात प्राणवायू कमी असतो. तेही उंचावरूनच पाडा. पाण्याचा हिरवेपणा उतरेपर्यंत शेण आणि खत पूर्ण बंद ठेवा. ढगाळ दिवशी खाद्यही देऊ नका.

तुम्ही घेतलेला मीटर या कामाला चांगला आहे. त्याच्या टोपीवर रंगद्रव्याचा पातळ थर असतो. त्यावर निळा प्रकाश पडला की तो लाल चमकतो. प्राणवायू ही चमक लवकर विझवतो आणि ती किती वेळ टिकली यावरून मीटर आकडा काढतो. जुना पडद्याचा प्रोब (मीटरचा पाण्यात बुडवायचा भाग) स्वतःच प्राणवायू खायचा, त्यामुळे तो पाण्यात हलवत राहावं लागे, नाहीतर रात्रीच्या स्थिर पाण्यात आकडा कमी यायचा. ऑप्टिकल सेन्सर रात्रभर पाण्यात टांगून ठेवता येतो. तो एरेटरच्या तोंडाशी नको, लांबच्या कोपऱ्यात, तळापासून फूटभर वर टांगा. एरेटरजवळचा आकडा नेहमीच दिलासा देतो आणि तोच फसवतो.

निगा मात्र हवीच. हिरव्या पाण्यात दोन-तीन दिवसांत टोपीवर बुळबुळीत थर बसतो. तो थर स्वतः श्वास घेतो, मग मीटर तळ्याचा नाही, त्या थराचा प्राणवायू सांगतो. मऊ ओल्या कापडाने पुसा. स्पिरिट किंवा ॲसिटोन लावू नका. टोपी उन्हात उघडी राहिली तर रंग मरतो. शंभर टक्क्यांचं कॅलिब्रेशन (ओलसर हवेत मीटरचा आकडा शंभर टक्क्यांवर जुळवणं) करताना टोपीला पाण्याचा थेंब चिकटलेला नको, भोवतालची हवा मात्र ओलसर हवी. मीटरमध्ये गावाची उंची भरण्याची सोय असेल तर ती भरा.

प्रश्न (पालघर, कोळंबी तलाव) : आमचं पाणी खारं आहे. तोच मीटर चालेल का?

चालेल, पण त्यात क्षारता भरायला विसरू नका. सेन्सरला कळतो तो प्राणवायूचा दाब. पीपीएमचा आकडा मीटर तापमान आणि क्षारतेवरून काढतो. पाणी २० पीपीटी (हजार भागांत २० भाग क्षार) असताना मीटरमध्ये शून्य राहिलं, तर खरे ४ पीपीएम साडेचारच्या जवळ दिसतील. कोळंबी तळाशी असते, म्हणून मोजायचं तेही तळाजवळच.

प्रश्न : सामूसाठीही (पीएच) ऑप्टिकल सेन्सर घ्यावा का? आणि तापमानासाठी?

तळ्यासाठी माझा सल्ला नको असा आहे. सामूचा ऑप्टिकल सेन्सर ज्या रंगद्रव्यावर चालतो ते सामूच्या ठरावीक पट्ट्यातच नीट काम करतं आणि पाण्यातल्या क्षारांनीही त्याचा आकडा हलतो. आपल्या तळ्यांचा सामू दुपारी सहज ९ च्या वर जातो. साधा काचेचा इलेक्ट्रोड घ्या आणि तो ७ आणि ९.२ च्या बफरमध्ये (ठरलेल्या सामूच्या द्रावणात) नियमित तपासा. सामू दुपारीच मोजा, कारण तो चढला की पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो. ३० अंशांना सामू ८ असेल तर पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी सुमारे ७ टक्के विषारी रूपात असतो, सामू ९ झाला की तो ४५ टक्क्यांच्या आसपास जातो.

तापमानासाठी वेगळं काही घेऊ नका, मीटरमध्ये ते असतंच. ते चुकलं की प्राणवायूचा आकडाही चुकतो, म्हणून महिन्यातून एकदा साध्या थर्मामीटरशी ताडून पाहा आणि मीटर पाण्यात बुडवल्यावर आकडा स्थिर होईपर्यंत थांबा.

इंदापूरच्या शेतकरी बंधूंनी सात दिवस रात्री ८, रात्री ११ आणि पहाटे साडेपाचचे आकडे वहीत लिहून माझ्याकडे आणावेत. एरेटर किती आणि कुठे लावायचे, ते त्या वहीवरून ठरवू.