वाचकांचे प्रश्न : पुस्तकातली चित्रं, छपाई आणि स्पर्धा

प्रश्न : मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. बोलोन्याच्या प्रदर्शनासाठी पाच चित्रं पाठवायची आहेत. पाच वेगवेगळ्या पुस्तकांतलं माझं एकेक उत्तम चित्र निवडलं तर चालेल का? (सांगली)

उत्तर : तसं करू नका. इटलीतल्या बोलोन्याला बालपुस्तकांच्या मेळ्यासोबत 1967 पासून हे चित्रकारांचं प्रदर्शन भरतं. तिथे पाच चित्रांची एक मालिका बघतात. एका गोष्टीतली किंवा एका विषयावरची पाच चित्रं शेजारी शेजारी ठेवल्यावर काहीतरी पुढे सरकताना दिसलं पाहिजे. परीक्षक निरनिराळ्या देशांचे असतात. तुमची मराठी गोष्ट त्यांना वाचता येणार नाही, त्यामुळे सगळा भार चित्रांवरच पडतो.

आधी पूर्ण पुस्तकाचा कच्चा आराखडा करा. बत्तीस पानांतून शीर्षकपान, श्रेयनामावली वगैरे वगळलं की साधारण चौदा जोडपानं उरतात. काडेपेटीएवढ्या चौकटींत ती चौदाही पेन्सिलीने मांडा आणि त्यातून पाच निवडा. दूरवरून दिसणारा देखावा, मध्यम अंतर आणि अगदी जवळचा चेहरा, तिन्ही हवेत. गजबजलेलं एखादं पान असेल तर जवळजवळ रिकामंही एक असू द्या. बहुतेक मालिका इथेच पडतात. पाचही चित्रांत माणसं पूर्ण उंचीची, क्षितिजरेषा एकाच जागी आणि सगळे वाचकाकडे बघत उभे.

दुसरी चूक पात्र बदलण्याची. पहिल्या चित्रातली मुलगी चार वर्षांची आणि चौथ्यात आठ वर्षांची वाटते, कारण डोकं आणि शरीर यांचं प्रमाण हललेलं असतं. रंगवायला बसण्याआधी एका कागदावर ती समोरून, बाजूने, पाठमोरी, बसलेली आणि धावताना काढून घ्या. उंची डोक्याच्या चौपट ठरवली असेल तर सगळीकडे चौपटच ठेवा.

आणि शब्दांत आहे तेच चित्रात पुन्हा सांगू नका. ‘मनी झाडावर चढली’ असं वाक्य असेल तर झाडाखालून तिच्याकडे कोण बघतंय ते दाखवा. शेवटी, गोष्ट न ऐकलेल्या माणसासमोर पाचही चित्रं पिसून ठेवा आणि क्रम लावायला सांगा. क्रम लागला नाही तर निवड बदला. आकार, फाइल, मुदत हे तपशील मात्र त्या वर्षीच्या नियमावलीतूनच घ्या.

प्रश्न : जलरंगातली चित्रं छापून आली ती मळकट. प्रेसवाला म्हणतो स्कॅन खराब, स्कॅनवाला म्हणतो कागद खराब. (नाशिक)

उत्तर : दोघांचंही थोडं खरं असू शकतं. स्कॅनरमधली आपोआप उजेड सुधारणारी सोय बंद करा. ती रंगाचे फिके थर कागदाच्या पांढऱ्यात जमा करते आणि गडद भाग आणखी गडद करते. छापायच्या आकारात 300 डीपीआय, म्हणजे दर इंचाला 300 ठिपके, पुरेसे असतात. चित्र मोठं करायचं असेल, तर त्या प्रमाणात वाढवा. दुप्पट करायचं तर 600. खरखरीत कागदाच्या दाण्यांची सावली येत असेल, तर चित्र वरची बाजू खाली करून पुन्हा स्कॅन करा, ती प्रत सरळ करून घ्या आणि दोन्ही प्रती एकमेकींवर ठेवून वरची निम्मी पारदर्शक करा. एका बाजूने पडणारी सावली बरीच कमी होते.

आता शाई. भडक जांभळा, झगझगीत नारिंगी, पोपटी आणि मोरपंखी हे रंग सीएमवायकेच्या, म्हणजे निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शायांत पूर्ण उतरतच नाहीत. चित्र त्याच रंगांवर उभं असेल तर निराशा ठरलेली. त्यात मॅपलिथोसारखा बिनलेपाचा कागद शाई शोषतो, ठिपका पसरतो आणि 50 टक्क्यांची छटा 65-70 टक्क्यांची दिसते. म्हणून अशा कागदासाठी मधल्या छटा मुद्दाम हलक्या ठेवाव्यात. एकाच जागी पडणाऱ्या चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज लेप दिलेल्या आर्ट पेपरवर 300च्या आत आणि मॅपलिथोवर 260च्या आसपास ठेवा. त्यावर गेली की शाई सुकत नाही आणि गडद भागातले तपशील बुजतात. मजकूर फक्त काळ्या शाईत घ्या. चार शायांतली बारीक अक्षरं, प्लेट जराशी हलली तरी दुहेरी दिसतात.

प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, मागाल तो छपाईच्याच कागदावर मागा. चकचकीत कागदावरचं प्रूफ पाहून मॅपलिथोला होकार देणं, ही या सगळ्यातली सर्वांत महागडी चूक.

छपाईचा विचार चित्रासोबतच झाला तर काय होतं, याचं उत्तम उदाहरण म्हणजे चेन्नईच्या तारा बुक्सचं ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या गोंड चित्रकारांची ही झाडं हातकागदावर, काळ्या पार्श्वभूमीवर, स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे जाळीतून शाई दाबून, छापली आहेत. ऑफसेटच्या, म्हणजे पुस्तकांच्या नेहमीच्या छपाईच्या, शाया पारदर्शक असतात. काळ्या कागदावर त्यातला पिवळा दिसणारच नाही. स्क्रीनची शाई दाट आणि अपारदर्शक असते, म्हणून काळ्यावरही बारीक रेघ उजळ उठते. या पुस्तकाला 2008मध्ये बोलोन्याच्या मेळ्यातल्या बोलोन्या रागात्सी पुरस्कारांतला ‘न्यू होरायझन्स’ हा पुरस्कार मिळाला.

प्रश्न : जोडपानावरच्या चित्रात आजीचा चेहरा घडीत गेला. किती जागा सोडायची? (पणजी)

उत्तर : परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे पानांच्या कडा गोंदाने चिकटवलेली बांधणी, असेल तर घडीच्या दोन्ही बाजूंना 12 ते 15 मिमीत चेहरा, हात किंवा अक्षर आणू नका. मधोमध पिन मारलेल्या पुस्तकाला 5-6 मिमी पुरतात. प्रत्येक पानाच्या बाहेरच्या तिन्ही बाजूंना 3 मिमी ब्लीड, म्हणजे कापताना निघून जाणारं जास्तीचं चित्र, द्या. साडेआठ इंची चौरस पुस्तकाच्या जोडपानाचं चित्र त्यामुळे 437.8 × 221.9 मिमीचं होतं.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. सोळा पानांच्या फॉर्ममध्ये, म्हणजे एका मोठ्या शीटवर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांत, फक्त 8 आणि 9 ही पानं छापतानाच सलग असतात. बाकीच्या जोडपानांचे दोन अर्धे शीटवर वेगवेगळ्या जागी छापले जातात, म्हणून त्यांची रंगछटा थोडी बदलते आणि रेघ मिलिमीटरभर सरकते. घडी ओलांडणारी बारीक तिरकी रेघ टाळा. तशीच हवी असेल तर ते चित्र 8-9वर आणा.

प्रश्न : कॅल्डेकॉट किंवा अँडरसन पुरस्कारासाठी आपण स्वतः अर्ज करू शकतो का? (ठाणे)

उत्तर : कॅल्डेकॉट हे चित्रपुस्तकांसाठीचं अमेरिकी पदक 1938पासून दिलं जातं, पण चित्रकार अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी लागतो. हान्स क्रिश्चियन अँडरसन पुरस्कार एका पुस्तकासाठी नसून आयुष्यभराच्या कामासाठी असतो. चित्रकारांना तो 1966पासून, दर दोन वर्षांनी मिळतो आणि नावं ‘इब्बी’ या बालपुस्तकांसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या देशोदेशीच्या शाखा सुचवतात.

प्रश्न : प्रकाशकाने मूळ चित्रं ठेवून घेतली आहेत. लेखी करार नाही. ती स्पर्धेला पाठवता येतील का? (कोल्हापूर)

उत्तर : आधी प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या, ईमेलही चालेल. पुरस्कार त्यांनाही हवाच असतो, त्यामुळे नकार क्वचित येतो. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या 17व्या कलमानुसार, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, ते काढवून घेणारा ठरू शकतो. कागदावरचं मूळ चित्र आणि त्याचा कॉपीराइट या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, त्यामुळे दोन्हींचा उल्लेख वेगवेगळा हवा. स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाच्या द्वैवार्षिक चित्रप्रदर्शनासारख्या ठिकाणी तर मूळ चित्रंच मांडली जातात.

पुढच्या कामाआधी एका पानावर एवढं लिहून सही घ्या : मोबदला मराठी छापील आवृत्तीपुरता, कॉपीराइट चित्रकाराकडे, मूळ चित्रं छपाईनंतर 30 दिवसांत परत, नाव शीर्षकपानावर, स्पर्धा व प्रदर्शनाला मुभा. हक्क हस्तांतरित करत असाल तर मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. लिहिलं नाही तर 19व्या कलमानुसार मुदत पाच वर्षं आणि प्रदेश भारत धरला जातो. हक्क विकले तरी चित्र तुमचं आहे असं सांगण्याचा अधिकार 57व्या कलमाने तुमच्याकडेच राहतो.