"आमचे मामा आता कशातच लक्ष घालत नाहीत"

"मॅडम, आमचे मामा ७१ वर्षांचे आहेत. तब्येत तशी बरी आहे, शुगर आहे पण गोळ्या चालू आहेत. गेलं वर्षभर नुसते खोलीत बसून असतात, टीव्ही लावतात पण बघत नाहीत, काही विचारलं की म्हणतात आता माझं काय राहिलंय. वय झालं की माणूस असाच होतो का? आम्ही काय करायचं?"

हा मेसेज मला दोनेक वर्षांपूर्वी कराडकडच्या एका सुनेने पाठवला होता. मामा म्हणजे तिचे सासरे, पुढे मी त्यांना आबाच म्हणतेय. असा प्रश्न महिन्यातून चार-पाच वेळा तरी येतो, कधी आईबद्दल, कधी सासूबद्दल, कधी स्वतःबद्दलच. म्हणून ही केस सविस्तर लिहितेय, आबांना आणि घरच्यांना विचारून, आणि ओळख पटेल अशा खुणा बदलून.

आधी प्रश्नाचं सरळ उत्तर देते. नाही, वय झालं म्हणून माणूस असा होत नाही. वयाने चाल मंदावते, नाव पटकन आठवत नाही, झोप कमी होते, हे सगळं खरं. पण महिनोनमहिने कशातच रस नाही, जेवणात नाही, नातवंडात नाही, हे वय नाही. ते काहीतरी झालेलं असतं आणि जे झालंय ते शोधावं लागतं. "म्हातारपण आहे, चालायचंच" म्हणून सोडून दिलं की शोधायचंच राहून जातं, आणि मला सगळ्यात वाईट त्याचंच वाटतं.

आबा एसटीच्या वर्कशॉपमधे मेकॅनिक होते, ५८ व्या वर्षी रिटायर झाले. पहिल्यांदा माझ्याकडे समुपदेशनाला आले तेव्हा मुलगा सोबत होता, पांढरी टोपी, स्वच्छ शर्ट, हात मांडीवर ठेवून बसले होते. मी आबांना विचारायचे आणि उत्तर मुलगा द्यायचा. झोप कशी लागते आबा? "झोपतात की, पण पहाटे तीनलाच उठून बसतात." जेवण? "दीड भाकरी खायचे, आता अर्धी." मुलगा काळजीनेच बोलत होता, पण आबा मधल्या मधे फक्त माझ्या तोंडाकडे बघत होते. बायको चार वर्षांपूर्वी गेली असं कळलं आणि खरं सांगायचं तर मी पण तिथेच थांबले, मनात धरून चालले की हे दुःख आत साठलेलं आहे, त्यावर काम करायला लागेल.

दुसऱ्या वेळी मुलाला बाहेर बसवलं. पाण्याचा ग्लास भरायला मी वळले आणि पाठमोरीच विचारलं, "आबा, मावशींची आठवण कधी जास्त येते?" काहीच उत्तर नाही. मला वाटलं प्रश्न जिव्हारी लागला. वळून बघितलं तर ते शांतपणे खिडकीबाहेर बघत होते, मी काही विचारलंय हेच त्यांना माहीत नव्हतं. मग मी पंखा बंद केला, खुर्ची जवळ ओढली आणि समोर बसून तेच परत विचारलं, तेव्हा बोलले.

"ती गेली ते सोसलं ओ ताई. भजनाची माणसं होती ना. तेरा दिवस एक जण पण घरी गेला नाही नीट. पुढं पण रोज संध्याकाळी कुणीतरी हाक मारून न्यायचं. पखवाजावर हात पडला की जरा बरं वाटायचं."

मग आता जात नाही का? "गुडघं दुखत्यात."

त्या दिवशी गुडघ्यांवरच विषय संपला. खरं कारण तिसऱ्या भेटीत आलं. चौदा महिन्यांपूर्वी एकादशीच्या भजनाला ते साथीला बसले होते, बुवांनी मधेच लय वाढवली, आबांना ते ऐकूच आलं नाही. दहा-बारा जणांचे टाळ चालू, त्यात बुवांचा आवाज बुडाला आणि आबांचा हात जुन्याच लयीत चालत राहिला. सगळं विस्कटलं, टाळ थांबले, पुढे बसलेल्या एका पोराने मागे वळून बघितलं आणि हसला.

"कुणी काय बोललं नाही ताई. तेच लागलं."

घरी आले, पखवाजाला गवसणी घातली आणि माळ्यावर ठेवला. सुनेला सांगितलं गुडघे दुखतात. मंडळींच्या दोन-तीन हाका आल्या, मग त्याही थांबल्या.

बायको गेली हा केवढा मोठा घाव, तो माणसाने पेलला, आणि एका भजनातली चूक, तिने माणूस बसला, असं का? कारण पहिल्या वेळी सावरणारी माणसं होती आणि दुसऱ्या घावात नेमकी तीच माणसं गेली. आपण घाव मोजतो लहान की मोठा, पण त्याने काय काय सोबत नेलं ते मोजत नाही. त्यामुळे घरच्यांना पण वाटतं एवढ्याशा गोष्टीला काय एवढं.

कान ही त्यातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. वयाने आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू यायचे कमी होतात आणि आयुष्यभर वर्कशॉपच्या गोंगाटात काढलेल्याचे तर अजूनच. स, श, फ, त असली अक्षरं निसटतात, बायकामुलांचं बोलणं कळत नाही, पुरुषाचा जाड आवाज कळतो. घरच्यांना वाटतं "यांना पाहिजे तेव्हा बरोबर ऐकू येतं". माणूस दोनदा "काय?" विचारतो, तिसऱ्यांदा नुसतीच मान हलवतो आणि मग बोलणंच टाळायला लागतो. आबांची नात सातवीत, बारीक आवाजाची, ती म्हणायची आबा माझ्याशी बोलतच नाहीत. डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका वाढवणाऱ्या ज्या गोष्टी आपल्याला टाळता येण्यासारख्या आहेत, त्यांच्या यादीत लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशनने कमी ऐकू येण्याला धरलंय, तरी आपल्याकडे चष्मा लगेच होतो आणि कानाच्या मशीनला वर्षानुवर्षं "बघू".

मी त्यांच्याकडून १५ प्रश्नांची एक प्रश्नावली पण भरून घेतली, ज्येष्ठांमधल्या नैराश्यासाठी जगभर वापरतात ती, सगळे हो किंवा नाही मधे उत्तर द्यायचे प्रश्न. पाचच्या वर गुण गेले की नीट तपासणी करायची असते, आबांचे ९ आले. त्यातला एक प्रश्न साधारण असा आहे की आत्ता तुम्ही जसे आहात तसे निरुपयोगी वाटता का, त्यावर आबा "हो" म्हणून गप्प झाले. तेव्हा मी स्पष्ट विचारलं, आबा, जीव द्यावा असं कधी मनात येतं का? असं विचारल्याने ते डोक्यात भरतं ही लोकांची भीती खरी नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. ते म्हणाले, "द्यावा असं नाही, पण आपोआप गेलो तर बरं." हे वाक्य घरात कुणी बोललं तर "असं बोलू नये" म्हणून गप्प करू नका, बसून ऐका आणि लवकर कुणाला तरी दाखवा. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

त्याच आठवड्यात त्यांना फिजिशियनकडे, कानाच्या डॉक्टरांकडे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. रक्तातलं व्हिटॅमिन बी-१२ बरंच कमी निघालं. शुगरसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं होतं तसं, त्यात आबा माळकरी, मांस-मच्छी नाही. इंजेक्शनं सुरू झाली. मानसोपचारतज्ज्ञांनी ठरवलं की सहा आठवडे बघू, मग गोळ्यांचं ठरवू, आणि आबांना पुढे गोळ्या लागल्या नाहीत. पण कित्येकांना लागतात आणि लागल्या तर घ्याव्यात, त्यात कमीपणा काही नाही.

आता घरच्यांचं. मी आबांना म्हटलं, चार वर्षांपूर्वीचा तुमचा सोमवार सांगा आणि परवाचा सांगा. आधीचा सोमवार सांगायला त्यांना वीस मिनिटं लागली, डेअरीला दूध, गिरणीत दळण, लाइट बिलाची रांग, तिथे भेटणारा जुना कंडक्टर, कुणाची तरी बंद पडलेली लुना, संध्याकाळी देऊळ. परवाचा सोमवार एका वाक्यात संपला, "चहा खोलीत येतो, जेवण खोलीत येतं, झोपतो."

चहा खोलीत येतो! सुनेला मी हे सांगितलं तर तिच्या डोळ्यात पाणी आलं, कारण ती हे प्रेमाने करत होती. मुलाने बिलं मोबाईलवरून भरायला सुरुवात केली, स्कूटरची चावी काढून घेतली, दूध घरपोच केलं. सगळे म्हणायचे तुम्ही आता आराम करा. यात कुणाचीच चूक नाही, पण एकेक काम हातातून गेलं आणि प्रत्येक कामासोबत दोन-चार माणसं गेली. १९७६ साली अमेरिकेत एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी एका वृद्धाश्रमात लहानसा प्रयोग केला होता. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं तुमचे निर्णय तुम्ही घ्या, हे रोप तुम्हीच निवडा आणि तुम्हीच सांभाळा. दुसऱ्या मजल्यावर पण रोप दिलं, पण सांगितलं नर्स पाणी घालतील, तुम्ही काळजी करू नका. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत आणि मिसळणारी झाली होती. आपल्या घराघरात दुसरा मजला चालू आहे असं मला फार वेळा वाटतं.

म्हणून पहिला उपाय एवढाच की चहा स्वयंपाकघरात. यायचं आणि सगळ्यांसोबत घ्यायचा. आबा म्हणाले, "मन लागलं तर येईन." मी म्हटलं उलटं करू, आधी या, मन मागनं येईल. या दिवसांत मनाची वाट बघत बसलं तर ते येतच नाही, हात हलला की येतं.

दुसरं, नातीची सायकल. आठ दिवस पंक्चर होऊन पडली होती, मुलगा दुकानात नेणार होता, मी म्हटलं नेऊ नका. आबांनी तिला अंगणात बसवून शिकवलं, ट्यूब टबातल्या पाण्यात दाबून बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, तिथे खूण करायची, काचकागदाने घासायचं, सोल्यूशन लावून फुंकर मारायची आणि लगेच पॅच चिकटवायचा नाही, सोल्यूशन जरा सुकू द्यायचं. हे ती मला फोनवर सांगत होती, "आबा म्हणतात घाई केली की पॅच निघतो." नंतर गल्लीतली पोरं सायकली घेऊन यायला लागली.

मुलाच्या मनात होतं की आबांना ज्येष्ठ नागरिक संघात घालावं, हास्य क्लब आहे, सहली असतात. संघांचं काम चांगलंच आहे, माझे कितीतरी क्लायंट तिथे रमलेत. पण आबांची जागा देवळात होती आणि ती रिकामी होती. दुसरीकडे नेऊन बसवलं असतं तरी ते तिथे पाहुणेच राहिले असते.

पखवाजाचा विषय मी दोन महिने काढला नाही. मग एकदा त्यांना आर्थर रुबिनस्टाइन या पियानोवादकाची गोष्ट सांगितली, म्हातारपणाचा अभ्यास करणारे पॉल बाल्टेस ती सांगायचे. ऐंशीच्या घरात असताना त्यांना विचारलं की अजून इतकं चांगलं कसं वाजवता, तर ते म्हणाले मी आता कमी रचना वाजवतो, त्यांचा रियाज जास्त करतो, आणि जिथे जलद वाजवायचं त्याच्या आधीचा भाग मुद्दाम सावकाश घेतो म्हणजे पुढचं जलद वाटतं. आबा पहिल्यांदा मनापासून हसले. म्हणाले, "लबाड हाय की!" आणि मग पाच मिनिटं काही न बोलता मांडीवर बोटं वाजवत बसले.

सगळं सरळ झालं नाही. कानाची मशीन आली आणि चौथ्या दिवशी ड्रॉवरमधे गेली, ताटं आपटल्यासारखी वाटतात, पाखरं ओरडतात, स्वतःचाच आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. हे बहुतेकांचं होतं, मेंदूला त्या आवाजांची परत सवय व्हायला काही आठवडे जातात, आधी घरात शांततेत तास-दोन तास लावायची, मग हळूहळू वाढवायची, सेटिंग करून घ्यायला दोन-तीनदा जायचं. हे कुणीतरी आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर हजारोंची मशीन पडून राहते. मग तो जुना कंडक्टर मित्र हार्टअ‍ॅटॅकने गेला आणि आबा परत खोलीत. सून घाबरून फोनवर म्हणाली सगळं वाया गेलं.

वाया गेलं नव्हतं. मी तिला म्हटलं दिवस मोज. आधी आबा खोलीत चौदा महिने होते, या वेळी अकराव्या दिवशी स्वतःहून चहाला बाहेर आले. त्यानंतर पावसाळ्यात तापाने पडले तेव्हा ताप उतरला आणि चौथ्या दिवशी अंगणात. उभारी म्हणजे मला तरी एवढंच दिसतं, माणूस पडणारच नाही असं नाही, पडल्यावर परत यायला किती दिवस लागतात ते बघायचं.

मंडळात परत जायचं त्यांनी स्वतः ठरवलं. बुवांना जाऊन सांगितलं मला कमी ऐकू येतं, आणि मला विचाराल तर या सगळ्यात अवघड काम तेच होतं. बुवा म्हणाले मग माझ्या उजव्या अंगाला बसा, लय बदलायच्या आधी मी हात वर करीन. आता आबा सुरुवातीचे संथ अभंग तेवढे वाजवतात, शेवटच्या जलद गजराला तो हसलेला पोरगा बसतो, आणि त्याला दुपारी घरी शिकवतात पण आबाच.

मागच्या महिन्यात सुनेचा सहज फोन आला होता. पखवाजाच्या डाव्या अंगाला वाजवायच्या आधी ओली कणीक थापावी लागते, त्याशिवाय तो घुमत नाही, वाजवून झालं की खरवडून काढायची. ती सांगत होती, "एकादशीला आमच्याकडे सगळ्यांचा उपवास मॅडम, चूल पेटते ती फक्त साबुदाण्याला. तरी चार वाजले की मामा स्वयंपाकघरात येऊन उभे राहतात, मूठभर कणीक मळून दे म्हणून. परवा मी विसरले, तर स्वतःच डबा काढून मळत बसले होते."