अळ्यांची भुकटी गायीला देताना

प्रश्न : मंडईतल्या टाकाऊ भाजीपाल्यावर ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या वाढवतो. वाळवून कुटलेली भुकटी रोज किलोभर गायीच्या आंबोणात घालतो, सरकीही देतो. शेण पातळ झालंय, कडबा उरतोय आणि साठवलेल्या भुकटीला खवट वास येतोय. काय करावं?
*– एक पशुपालक, औसा (जि. लातूर)*

उत्तर : भुकटी आजच थांबवा. दोष प्रथिनांचा नाही, चरबीचा आहे. वाळलेल्या अळीत साधारण एक तृतीयांश चरबी असते आणि तिच्यात खोबरेल तेलासारखंच लॉरिक आम्ल भरपूर असतं. कोठीपोटातले तंतू पचवणारे जिवाणू त्याने दबतात, म्हणून कडबा पचत नाही. एकूण आहारात चरबी कोरड्या वजनाच्या 6 टक्क्यांपुढे जाऊ नये. गाय 12 किलो कोरडा आहार खात असेल तर ही मर्यादा 720 ग्रॅम. किलोभर भुकटीतूनच तीनशेच्या वर जाते. त्यात सरकी, पेंड आणि कडब्यातली चरबी धरा.

गायीला द्यायचीच तर तेल काढून, पेंड करून द्या. अळ्या पांढुरक्या असतानाच काढा. काळपट झाल्या की कवच टणक होतं. चोवीस तास उपाशी ठेवा म्हणजे आतडं रिकामं होतं. मग चाळून, धुऊन, थोड्या थोड्या करून खळखळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं. एकदम पाटीभर ओतल्या तर उकळी मोडते. खवटपणाचं मूळ बहुधा इथेच आहे: अळी हळूहळू मेली की तिच्यातलीच विकरं चरबी फोडतात आणि मालही काळा पडतो.

नंतर ताबडतोब 60 अंशांच्या ड्रायरमध्ये पातळ थर देऊन वाळवा. उकळल्याने जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत, ओल राहिली की ते पुन्हा वाढतात. चिमटीत दाबल्यावर अळी कट्‌कन मोडली पाहिजे. घाई म्हणून आच वाढवाल तर प्रथिनांतलं लायसीन हे मोलाचं अमिनो आम्ल वाया जाईल. वाळलेली अळी कोमट असतानाच, न कुटता, स्क्रूच्या घाण्यात घाला. माणसांच्या खाण्याचं तेल काढतात तो घाणा मात्र नको. चरबी 10-12 टक्क्यांवर येते. शंभर किलो जिवंत अळ्यांची सुमारे 30 किलो वाळलेली अळी आणि जेमतेम 22 किलो पेंड होते.

प्रयोगशाळेचा प्रथिनांचा आकडा तसाच धरू नका. प्रयोगशाळा नत्र मोजून त्याला 6.25 ने गुणते, तेव्हा कवचातल्या कायटिनचं नत्रही प्रथिन म्हणून मोजलं जातं. 4.76 ने गुणलं की 55 टक्क्यांचे 42 होतात, म्हणजे सोयापेंडीहून जास्त नाहीत. सुरुवात रोज 100 ग्रॅमने करा आणि सोयापेंडीचा पाव हिस्साच बदला. अळ्यांना मांस, हॉटेलचं खरकटं, सांडपाण्याचा गाळ घालू नका. गाळातला कॅडमियम हा विषारी धातू अळीत साठतो.

युरोपीय संघाने 2021 मध्ये कीटक-प्रथिन कोंबड्या-डुकरांना खुलं केलं, रवंथ करणाऱ्या जनावरांना नाही. दूध संघाला घालत असाल तर आधी विचारा. आमचं मत स्पष्ट आहे: लातूरसारख्या सोयाबीनच्या पट्ट्यात अळ्या कोंबड्यांना घाला, गायीला सोयापेंड द्या.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये अळ्या ट्रेबाहेर पळतात. का?
*– एक वाचक, परळी*

उत्तर : उष्णतेने. त्यांना 27 ते 30 अंश मानवतात, आणि दाट थर स्वतःही तापतो. थर चार-पाच सेंटिमीटरचाच ठेवा, भोवती ओली गोणपाटं लावा आणि खाद्य संध्याकाळी घाला. खाद्य मुठीत दाबल्यावर बोटांतून एखादाच थेंब यावा. पाणी गळत असेल तर सोयाबीनचं भुसकट मिसळा.