प्लॉट निवडताना एकांत, आवाज आणि सुरक्षितता यांपैकी कशाला झुकतं माप द्यावं?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं. एकाच लेआउटमधले तीन प्लॉट समोर आहेत आणि आकार जवळपास सारखाच आहे. पहिला मुख्य रस्त्यावरचा, कोपऱ्याचा. दुसरा ओळीत मधला, दोन्ही बाजूंना आणि पाठीमागे घरं झालेली. तिसरा अगदी शेवटचा, मागे मोकळी जमीन. घरात दोन लहान मुलं आणि वयस्कर आई, तुम्ही स्वतः आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी. आणि तुमचं मन बसलंय शेवटच्यावर.

माझंही बसलं होतं. मी शेवटचाच घेतला आणि आता बारा वर्षं त्यावर राहतोय. पस्तावलोय असं नाही, पण घेण्याआधी तिथे चार वेळा गेलो होतो आणि चारही वेळा रविवारी दुपारी. रविवारी दुपारी कुठलाही प्लॉट शांतच असतो! राहायला आल्यावर पहिल्याच पहाटे पाचला कळलं की कुंपणापलीकडची पत्र्याची खोली म्हणजे सगळ्या लेआउटचं पाणी वर चढवणारा पंप आहे. आवाज तसा मोठा नाही, नुसती घरघर. पण खिडकी लावली तरी ती भिंतीतून येते आणि उशीपर्यंत पोचते. दोन वर्षांनी शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर दुमजली घर उभं राहिलं आणि त्यांच्या जिन्याची खिडकी नेमकी आमच्या अंगणावर उघडली. शेजारी सज्जन आहेत, प्रश्न तो नाही. पण बायकोने त्या दिवसापासून अंगणात चहा घेणं सोडलं.

तेव्हापासून मी एकच निकष लावतो: जे नंतर दुरुस्त करता येणार नाही, त्याला प्लॉट घेताना सगळ्यात जास्त वजन. तुमच्या तिघांत तो मान आवाजाचा. एकांत घराच्या आखणीतून बराचसा मिळवता येतो. सुरक्षितता थोडी कुंपणातून आणि बरीचशी शेजारातून येते. आवाज मात्र तुमच्या हद्दीबाहेर जन्मतो आणि हद्द मानत नाही.

त्याचं गणित लोकांना वाटतं त्यापेक्षा कठोर आहे. आवाजाची पातळी साधारण १० डेसिबलने उतरली की कानाला तो निम्मा झाल्यासारखा वाटतो. पंप, जनरेटर, भोंगा यांसारखा एका जागचा आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे तिप्पट लांब गेलात की निम्मा. रस्ता हा सलग लांबलचक उगम असतो, त्यामुळे तिथे अंतर दुप्पट केल्यावर जेमतेम ३ डेसिबल सुटतात. मऊ जमीन, गवत असेल तर थोडे अधिक. पण मध्ये कडक, मोकळी जमीन असेल तर वाहत्या रस्त्याचा आवाज निम्मा वाटायला २० मीटरऐवजी जवळपास २०० मीटरवर जावं लागतं. म्हणून ‘रस्त्यापासून दोन प्लॉट आत आहे’ या एजंटच्या वाक्याला नुसत्या अंतराच्या दृष्टीने फारसा अर्थ नाही. त्या दोन प्लॉटांवर घरं उभी असतील तर मात्र आहे, कारण घर म्हणजे भलीमोठी भिंतच.

झाडं लावू म्हणाल तर एका ओळीने काही होत नाही. रस्ता दिसेनासा होतो, म्हणून मनाला बरं वाटतं इतकंच. सुमारे ३० मीटर रुंदीचा, खालपासून दाट असलेला पट्टा असेल तर पाचेक डेसिबल कमी होतात, आणि तेवढा पट्टा कोणाच्या प्लॉटवर मावतो? भक्कम, फट नसलेली भिंत जास्त कामाची. वाहनाची आणि तुमची नजरानजर तुटली की ५ डेसिबलच्या आसपास फरक पडतो. पण ती भिंत तळमजल्यापुरती. वरच्या मजल्यावरची झोपायची खोली भिंतीवरून थेट रस्ता बघत असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शनात रस्त्याचा आवाज रात्री घराबाहेर सरासरी ४५ डेसिबलच्या आत असावा असं म्हटलंय. मोबाइलवरची अ‍ॅप आकड्यात चुकतात, पण एकाच फोनने तिन्ही प्लॉटवर एकाच वेळच्या दहा-दहा मिनिटांची तुलना करायला पुरेशी आहेत. रात्री अकरानंतर जा. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज वर न जाता खाली वाकतो. दिवसा ज्याचा मागमूसही लागत नाही तो लांबचा हमरस्ता किंवा रेल्वे रात्री अंगणात येऊन बसते. पहाटे पाचला एकदा जा, कामाच्या दिवशी सकाळी शाळा-ऑफिसच्या वेळी एकदा जा. जवळ गतिरोधक आहे का, चढ आहे का, तेही बघा. रिकामा ट्रक गतिरोधकावरून गेला की त्याचा सांगाडा जो खडखडतो, तो कुठल्याही सरासरीत दिसत नाही, पण झोप तोच मोडतो.

आता एकांत. इथे बहुतेक लोक कंपाउंडची उंची वाढवत बसतात. आकडे मांडून बघा. मागच्या घराच्या पहिल्या मजल्यावरून बघणाऱ्याचे डोळे जमिनीपासून साधारण साडेचार मीटरवर असतात. ती खिडकी तुमच्या कुंपणापासून ६ मीटरवर आहे आणि कुंपण २ मीटरचं आहे असं धरा. खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं सव्वा मीटरवर. हिशोब केला तर कुंपणाला चिकटून पावणेदोन-दोन मीटरच्या पट्टीत बसलात तरच दिसणार नाही, बाकी सगळं अंगण उघडं. तेच तुमच्या बसायच्या जागेवर वेलीचा मांडव घातलात किंवा जवळच एक मध्यम झाड लावलंत तर काम होतं. आडोसा आपल्याजवळ असला की वरची नजर अडते, हद्दीवर असला की ती डोक्यावरून जाते. खिडक्यांचंही तसंच: समोरासमोर न येता दोन-तीन फूट सरकवल्या तरी पुष्कळ फरक पडतो. आणि काचेचा नियम लक्षात ठेवा. दिवसा बाहेरून आतलं दिसत नाही, संध्याकाळी दिवा लागला की सगळं उलटं होतं.

प्लॉट घ्यायच्या आधी ओळखीच्या गवंड्याला घेऊन जा आणि घराची ढोबळ आखणी फक्कीने जमिनीवर मारून घ्या. मग जिथे बैठक येणार तिथे खुर्ची टाकून अर्धा तास बसा. चहूकडे बघा, कोणकोणत्या खिडकीतून आपण दिसतोय. उताराची जागा असेल तर वरच्या अंगाच्या प्लॉटवाल्यांचा तळमजलासुद्धा तुमच्या गच्चीवर नजर ठेवतो, हे कागदी नकाशात कधीच कळत नाही. रस्ता तीन फाट्यावर जिथे संपतो त्याच्या नेमका समोरचा प्लॉट असेल तर रात्री प्रत्येक गाडीचा दिवा दिवाणखान्यात फिरून जातो.

सुरक्षिततेबद्दल मी जरा वेगळं बोलणार आहे. उंच बंद भिंत एकांत देते, पण कोणी एकदा आत उतरला की तीच भिंत त्याला रस्त्यावरच्या नजरेपासून झाकते. म्हणून समोरचं कुंपण कमरेएवढं पक्कं आणि वर जाळी, आणि मागचं-बाजूचं उंच, असं मी सांगेन. कोपऱ्याच्या प्लॉटला दोन बाजूंनी रस्ता. येणारे-जाणारे बघतात हा फायदा, पण राखायची लांबीही जास्त आणि आवाज दोन्हीकडून. मधल्या प्लॉटला तीन बाजूंनी माणसं राहतात. मागून यायचं तर आधी दुसऱ्याच्या अंगणातून यावं लागतं. शेवटच्या प्लॉटला ते कवच नाही. मागच्या मोकळ्या जमिनीतून कोणी आलं तर बघणारं कोणी नाही, आणि तुम्ही चार दिवस घरी नसता. आमच्याकडे एकदा मागच्या दाराची कडी कोणीतरी उचकटायचा प्रयत्न केला. काही गेलं नाही, पण त्यानंतर कित्येक रात्री आई नीट झोपली नाही. मग मागे दिवा लावला. आधी मोठा झगझगीत लावला, तर त्याच्यापुढचं दिसेना आणि सावल्या आणखी काळ्या झाल्या. आता झाकलेला, खाली उजेड पाडणारा, हालचाल झाली की लागणारा दिवा आहे. कुत्राही पाळला होता. त्याने चोर किती पळवले माहीत नाही, आमची झोप मात्र पळवली.

मग कुठला घ्यावा? तुमच्या जागी मी मधला घेतला असता. दिसायला तोच सगळ्यात बेचव आहे, पण त्याचा शेजार बांधून झालेला आहे. कुठली खिडकी कुठे आहे, कोणाचा पाण्याचा पंप कुठे बसवलाय, कोण रात्री उशिरा गाडी काढतो, हे सगळं आज बघता येतं आणि घर त्याप्रमाणे आखता येतं. मुलांना हाकेच्या अंतरावर माणसं मिळतील, आणि तुम्ही नसताना आईंना दार ठोठावायला कोणीतरी असेल. शेवटच्या प्लॉटची आजची शांतता आणि एकांत या उसन्या गोष्टी आहेत, शेजारच्या जमिनीवर अजून काही झालेलं नाही म्हणून मिळालेल्या. दोन्ही बाजूंना घर असलेल्या प्लॉटवर पुढे नवं काही घडायला जागा कमी. फक्त त्या शेजाऱ्यांना अजून मजला चढवायची परवानगी उरलीय का, तेवढं विचारून घ्या. कोपऱ्याचा मी तिघांत शेवटी ठेवेन, खाली दुकान काढायचा विचार असेल तर गोष्ट वेगळी.

तरी शेवटचाच घ्यावा असं वाटत असेल तर मंजूर लेआउटचा नकाशा मागून घ्या, विक्रीच्या पत्रकावरचा रंगीत नको. मागची मोकळी जागा त्यात बगीचा म्हणून आहे, रस्त्यासाठी राखून ठेवली आहे की कोणाची खासगी जमीन आहे, ते बघा. आणि पंपाची खोली, ट्रान्सफॉर्मर, कचरा गोळा करायची जागा, यांच्यासाठी कुठे खूण केली आहे तीही शोधा. माझ्या नकाशावर ती खूण होती. छोटा चौकोन होता आणि मी विचारलंच नाही की तो कशाचा.